एक तास उशिरा

तेहतीस वर्षं मी
उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल खूण करत आले.
गाय व्यायली, म्हणाला तरी.
धुक्यात वाट चुकले, म्हणाली तरी,
आणि फ्लोरेस बेटावर धुक्यात वाट चुकते
हे मला ठाऊक असूनही.

शाळेत आता नऊ मुलं आणि मी.
शिक्षकांच्या खोलीत एकच खुर्ची,
तिच्याशी काय वाद घालणार?
म्हणून भाचीनं, तेल्मानं, फोनमध्ये एक दार उघडून दिलं:
"गुरुवारी नऊला, मावशी. देशभरातले शिक्षक जमतात.
बोलायचं म्हणजे लिहायचं. घाबरू नकोस."

गुरुवारी मी केस विंचरले.
कोणी बघणार नव्हतं, तरी विंचरले.
निळी शाल घेतली, चहा केला,
वह्यांची चळत बाजूला सारली
आणि नवाच्या ठोक्याला आत पाऊल टाकलं.

आत कोणी नव्हतं.

म्हणजे शब्द होते. ढीगभर.
जत्रा उठल्यावर मैदानात पडून राहतं तसं सगळं:
अर्धे विनोद, "अगदी बरोबर!", "मुळीच नाही!",
ब्रागाच्या कुणा दुआर्तेचं गृहपाठावरचं तावातावाचं भाषण,
त्याला सत्तावीस जणांचे अंगठे,
खाली कुणा ओतिलियाचा हलकाच चिमटा,
आणि शेवटी, "शुभ रात्री, मंडळी. पुढच्या गुरुवारी."

नऊ त्यांचे वाजले होते. लिस्बनचे.
आमचं बेट एक तास मागे असतं,
हे मी दरवर्षी संत्र आणि मेणबत्ती घेऊन शिकवते.

हसू आलं. मग चहा गार होईतो वाचत बसले.
मध्येच तोंडून "अहो, पण" निघालं
आणि मांजरानं मान वर केली.
दुआर्तेला उत्तर लिहिलं. पुसलं.
पुन्हा लिहिलं, त्यातला "मूर्खपणा" काढून "घाई" घातली.
तेही पुसलं.
लाल पेन हाती असताना
हात कधी असा अडला नव्हता.

जुवेन्सियो आठवला.
अकरा वर्षांचा. मनात सगळं वाचतो,
मोठ्यानं वाच म्हटलं की नुसते ओठ हलतात,
आणि मी म्हणते, "चल, आम्ही वाट बघतोय."
किती समजूतदारपणे म्हणते मी ते!

दुआर्तेला सोडून दिलं.
रिकाम्या मैदानात एवढंच लिहिलं:
"मला यायला उशीर झाला. वर्गात एक मुलगा आहे,
त्याला सगळ्यांसमोर वाचता येत नाही.
मी वाट बघते, ती त्याला टोचत असेल का?"
बोट कधी पडलं कळलं नाही.
पाठवल्यावर दिसलं, एक अक्षर गळलंय.
कान गरम झाले. या वयात.

भांडी घासून आले तर खाली उत्तर.
सेलेस्तिनो, इन्यांबान, मोझांबिक.
तिथे रात्रीचा एक.

"बाई, मीही नेहमी सगळे गेल्यावरच येतो,
वीज उशिराच स्थिरावते.
माझ्या वर्गात अडुसष्ट. वाट बघायला वेळ कुठला?
सगळे एकदम वाचतात. त्या गलक्यात
नुसते ओठ हलवणाऱ्यांचा आवाज
एखाद्या दिवशी निसटून जातो,
त्यांचं त्यांनाही कळत नाही.
तुमच्याकडे गलका आहे का?"

गलका. नऊ मुलं, त्यातली दोन सर्दीनं घरी.
मी बराच वेळ बाहेरचा अंधार ऐकला.
मग लिहिलं, "गलका नाही. धबधबा आहे,
शाळेपासून वीस मिनिटांवर."

उत्तर आलं नाही.
वीज गेली असेल, झोप लागली असेल.
फोन उलटा ठेवला, सुलटा केला,
पण "आम्ही वाट बघतोय" असं काही लिहिलं नाही.

दहा वाजून गेले होते. इथले.
कुणाच्या घरी फोन करायची ही वेळ नव्हे;
उद्या गमबूट घालून या,
हे मुलांना सांगायचं राहिलं.